छप्पन्नचं हेल्मेट

बॅगेत एकूण एकतीस वस्तू होत्या. छातीचं चिलखत एक, पाठीचं एक, खांद्यांचे तुकडे दोन, मनगटांचे दोन, मांड्यांचे दोन, पोटऱ्यांचे दोन, बूट दोन, हातमोजे दोन, कमरेचा पट्टा एक, त्याला लटकणारे डबे सहा, झगा एक, तलवार एक, ढाल एक, सुट्या बॅटऱ्या चार, चिकटपट्टीचं रीळ एक, गोंदाची नळी एक आणि हेल्मेट एक. सगळं फोमचं, वर चंदेरी रंग. हेल्मेटच्या आत अस्तरावर कुणीतरी मार्करने लिहिलं होतं, ‘बोल्ट, ५६’. मी टेप लावून पाहिला. आतला घेर छप्पन्न सेंटीमीटर, एक मिलिमीटरही इकडेतिकडे नाही.

बोल्ट म्हणजे माझा धाकटा भाऊ. खिशात कायम नट-बोल्ट खुळखुळायचे म्हणून मित्रांनी ठेवलेलं नाव. चार महिन्यांपूर्वी त्याला ताप आला आणि तीन दिवसांत तो गेला.

त्याच्या मित्रांना हे माहीतच नव्हतं. ते सगळे अ‍ॅनिमेवाले, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघणारे आणि वर्षातून एकदा त्यातल्या पात्रांचे कपडे घालून मोठ्या हॉलमध्ये जमणारे. एकालाही खरं नाव नाही, सगळी टोपणनावं. बोल्टचा फोन कुलूपबंद, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. शेवटी त्यांच्या संमेलनाचं पान मला इंटरनेटवर सापडलं. तिथे निरोप टाकू का, असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, असल्या गोष्टी तोंडावर जाऊन सांगायच्या असतात. आणि हे सामानही त्यांनाच देऊन टाकू, घरात पडून काय उपयोग. हे बोलताना तिचा हात हेल्मेटमध्ये होता. येता-जाता ती त्याच्या आत हात घालून बघायची, दूध तापलंय का बघतात तसा.

“वीस मिनिटांचं काम आहे,” मी म्हटलं. “जायचं, सांगायचं, बॅग द्यायची, निघायचं.”

मी वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. वस्तू चालू स्थितीत द्यावी म्हणून मी हेल्मेटच्या आवाजयंत्रात नव्या बॅटऱ्यासुद्धा घातल्या. बोल्टने बनवलेलं ते यंत्र. हेल्मेट डोक्यावर चढलं की आपोआप सुरू व्हायचं आणि बोलणाऱ्याचा आवाज लोखंडी करायचं.

आई माझ्याबरोबर आली. दारावर पहिला अडथळा आला. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक स्वयंसेविका बॅगेकडे बघून म्हणाली, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. बाहेर ठेवायची सोय? ती भरली. मग हे सामान आत न्यायचं कसं? घालून न्या, ती म्हणाली. पोशाखाला बंदी नाही, सामानाला आहे.

मी बाजूच्या खोलीत जाऊन चिलखत चढवलं. बोल्टची आणि माझी उंची सारखीच. आरशात बघितलं तर फ्रीजला झगा गुंडाळल्यासारखी दिसत होते. तलवार पट्ट्यात खोचली, ढाल दंडात अडकवली, उरलंसुरलं पट्ट्याच्या डब्यांत कोंबलं आणि रिकामी बॅग घडी करून आईच्या पिशवीत टाकली. हेल्मेट तेवढं काखेत घेऊन पुन्हा दारावर आले, तर स्वयंसेविका म्हणाली, हातात धरलं तर ते सामान, डोक्यावर घातलं तर पोशाख. मी घातलं. थोडं जोर लावून घालावं लागलं. कानांपाशी काहीतरी कचकन सरकलं, आणि माझा स्वतःचा श्वास मला रेल्वे इंजिनासारखा ऐकू यायला लागला.

आत गेल्यावर मी ते काढायला गेले. निघेना. आईने ओढलं. निघेना. एका खांबाला पाठ टेकून दोघींनी मिळून ओढलं. मान निघून येईल असं वाटलं, पण हेल्मेट जागचं हललं नाही. बोल्टची आणि माझी उंची एक, तर डोकंही एकच असणार, असं मी गृहीत धरलं होतं. त्याचे केस बारीक कापलेले असायचे आणि माझा अंबाडा आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळं मोजणाऱ्या बाईने तेवढं एक मोजलं नाही!

त्या खांबापाशीच सगळे जिला कॅप्टन म्हणत होते त्या मुलीने आम्हाला गाठलं. निळा कोट, खांद्यावर पुठ्ठ्याची पदकं, वय असेल बावीस. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तिने मला मिठी मारली आणि मग पाठीत दणदणीत गुद्दा घातला. चार महिने कुठे मेला होतास, फोन बंद, एक शब्द नाही, आम्ही काय समजायचं, असं ती एका दमात बोलली आणि एका दमात रडलीही. मग नाक पुसून म्हणाली, जाऊ दे, आलास ना. स्पर्धेत तुझं नाव मी घालून ठेवलंय.

मी शक्य तितक्या सावकाश आणि स्पष्ट सांगितलं, “बोल्ट वारला. मी त्याची ताई.”

हेल्मेटमधून आवाज आला तो मागे येणाऱ्या टँकरसारखा. कॅप्टन पोट धरून हसली. आजूबाजूचे चार-पाच जण हसले. एकाने टाळी वाजवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या लोकांचा एक पाळलेला नियम आहे. हेल्मेट किंवा मुखवटा चढवला की माणूस त्या पात्राचंच बोलतो. तो आत काहीही म्हणाला तरी ते नाटक, आणि खरं बोलायचं असेल तर तोंड उघडं करायचं. शिवाय बोल्टचं पात्र होतं लोखंडी पहारेकरी. मालिकेच्या शेवटच्या भागात तो वेशीवर उभा राहून मरतो. बोल्ट दर वर्षी स्टेजवर तोच प्रसंग करायचा आणि मरतानाचं भाषण दर वर्षी नवं. म्हणजे मी जितकं खरं सांगणार, तितकी त्यांना तालीम वाटणार.

“मस्त आहे,” कॅप्टन म्हणाली. “पण इथे वाया घालवू नकोस, स्टेजसाठी ठेव.”

मी आईकडे वळले. आता तीच काय ते सांगू शकत होती. तिने तोंड उघडलंही, पण कॅप्टनने तिला बघितलं, चटकन वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “काकू, तुम्ही याची आई ना? हा सारखा तुमच्याबद्दल बोलतो.”

आईने तोंड मिटलं. मग हळूच विचारलं, “काय बोलतो?”

कॅप्टनने तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगायला लागली. हा म्हणतो, आईला हे सगळं पोरकट वाटतं. हा म्हणतो, एकदा तरी तिला इथे आणणार. मागच्या वर्षी सगळ्यांनी डबे आणले होते, तर याने स्वतःचा वाटून टाकला आणि वर म्हणाला, आईच्या हातचं आहे, जपून खा. आई ऐकत होती. एखाद्या बँकेतल्या बाईसारखी ताठ बसून, मांडीवर पिशवी धरून, एकेक शब्द ऐकत होती. बोलतो, म्हणतो, आणणार. चार महिन्यांत आमच्या घरी कुणी त्याच्याबद्दल असं बोललं नव्हतं. मी तिचा खांदा हलवला. तिने माझा हात बाजूला केला आणि कॅप्टनला म्हणाली, “आणखी?”

मग आमचा नंबर पुकारला गेला.

मला ओढत स्टेजवर नेलं. समोर तीनेकशे माणसं. पंखवाली, शिंगवाली, गुलाबी केसांची, एक अख्खा टोस्टर झालेला. पुढच्या रांगेत आई. मी ठरवलं, माइक आहे, शांतता आहे, आता शास्त्रशुद्ध सांगायचं. तपशील दिला की कुणाला शंका उरत नाही.

मी तारीख सांगितली. पहिल्या दिवशी ताप किती होता ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, प्लेटलेट अकरा हजार. इथे हॉलमध्ये हशा पिकला. लोखंडी पहारेकऱ्याला प्लेटलेट! मी म्हटलं, हसू नका. ते आणखी हसले. मी रुग्णालयातला पलंग सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, शेवटी त्याने पाणी मागितलं ते सांगितलं. हसणं हळूहळू थांबलं. एका शिंगवाल्या मुलाने डोळे पुसले. कॅप्टन ठरल्याप्रमाणे धावत आली, गुडघ्यांवर बसली, माझा हात धरून म्हणाली, “पहारेकरी, वेस कुणाच्या हवाली करून चाललास?” आणि सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, परीक्षकसुद्धा उभे. माझ्या भावाच्या मरणाला इतक्या टाळ्या पडल्या, आणि मी आत घामाने भिजून ‘नाही, नाही’ म्हणत होते. ते ‘नाही, नाही’ही त्यांना फार आवडलं.

तेवढ्यात आई स्टेजवर चढली. पिशवीसकट. तिने कॅप्टनच्या हातातून माइक घेतला. तो कसा धरायचा तिला माहीत नव्हतं, तिने तो भुट्ट्यासारखा आडवा धरला.

“ही माझी थोरली आहे,” ती म्हणाली. “आत तो नाहीये. हिने सांगितलं ते सगळं खरं आहे.”

कुणीतरी मागे टाळी वाजवली. दोन टाळ्या, मग त्याही थांबल्या.

“तुम्हाला सांगायलाच आलो होतो,” आई म्हणाली. “मीच मघाशी सांगायला हवं होतं. पण ही मुलगी त्याच्याबद्दल बोलत होती.”

‘तो नाहीये’ हे चार महिन्यांत आईने कुणापुढेही उच्चारलं नव्हतं. फोन मीच करत होते, दारात आलेल्यांना मीच सांगत होते.

कॅप्टन गुडघ्यांवरून उठली नाही. तशीच बसून राहिली, माझा हातमोजा धरून. मग म्हणाली, “हे माप मी घेतलं होतं. छप्पन्न.”

हॉलच्या कोपऱ्यात पोशाख दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याच्याकडे तुटलेल्या शिंगांची आणि सुटलेल्या पंखांची रांग होती, ती रांग आपणहून बाजूला झाली. त्याने माझ्या कपाळाशी टेप सरकवून अंदाज घेतला. अंबाड्यासकट अठ्ठावन्न. दोन मार्ग आहेत, तो म्हणाला. मागून कापायचं, किंवा गरम हवा मारून फोम मऊ करायचा आणि ताणायचा. कापलं तर शिवण राहील, पण माप तेच राहील. ताणलं तर डाग दिसणार नाही, पण—

“कापू नका,” आई म्हणाली. “त्याने केलंय ते.”

त्याला पुढचं बोलायचं होतं. आईने ऐकलं नाही.

त्याने केस वाळवायचं यंत्र लावलं. कान भाजले, माझे. दहाएक मिनिटांनी हेल्मेट हळूच सुटलं, एखादा दात सुटावा तसं. प्रकाश डोळ्यांत गेला. कॅप्टनने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. नाक आमचं दोघांचं सारखं आहे, ते तिला तेव्हा दिसलं असणार.

“त्याला खूप त्रास झाला का?” तिने विचारलं.

आई म्हणाली, “पाणी मागितलं. मी दिलं.”

मग एक परीक्षक चाचरत आला. म्हणाला, वाईट वाटतं, पण सांगणं भाग आहे, नोंदवलेल्या स्पर्धकाऐवजी दुसरं कुणी स्टेजवर आलं तर प्रवेशिका बाद होते. नाहीतर पहिला नंबर आमचाच होता. कॅप्टन आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. बोल्टला हे फार आवडलं असतं, ती म्हणाली. दर वर्षी दुसरा यायचा.

तीस वस्तू आम्ही तिला दिल्या. एकतिसावी आईने पिशवीत घातली. देऊन टाकायचं ठरलं होतं, हे मी तिला आठवण करून दिलं नाही.

घरी आल्यावर आईने हेल्मेटच्या आत हात घातला. काढला. पुन्हा घातला, बोटं फिरवली, आणि मला म्हणाली, “टेप आण बघू.”

मी टेप आणला. तीन वेळा मोजलं. आतला घेर अठ्ठावन्न सेंटीमीटर.