किल्ला माहीत आहे ना?

मी आयुष्यात एकही गोष्ट अर्धवट सोडलेली नाही! हे वाक्य मी माझ्या मुलीला, ऋतिकाला, ठणकावून सांगितलं आणि ती शांतपणे उठून माळ्यावरून वस्तू काढायला लागली. बासरी. डंबेल्स, त्यातलं एकच. जर्मन भाषेचं पुस्तक, पान अकरावर खूण.

"मग मी तबला सोडला तर काय बिघडलं?" ती म्हणाली.

चार वर्षं शिकली होती, परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि आता बाईसाहेबांना कंटाळा आला होता! मला तो तबला सुटू द्यायचा नव्हता. माझ्यासारखं होऊ नये तिचं, एवढंच. पण हे बापाने कसं बोलायचं? मग मी भलतंच बोललो.

"येत्या रविवारी दीडशे किलोमीटर सायकल चालवणार आहे! पूर्ण केली तर तबला चालू."

"आणि नाही केलीत तर?"

"पुन्हा तोंड उघडणार नाही!"

सायकल घेऊन तीनच आठवडे झाले होते. ती घ्यायला लावली लेस्लीने. लेस्ली माझ्या ऑफिसातला, मूळ वसईचा, आणि तिथल्या सायकलवाल्यांचा म्होरक्या. शनिवारी त्याने आम्हा चोवीस जणांना ओटीवर बसवून मार्ग सांगितला. "पहाटे पाचला विरार फाटा. मनोर, पालघर, सफाळे, परत हायवे. शेवट किल्ल्यात. संध्याकाळी सहाच्या आत पोचेल त्याला मेडल."

मग माझ्याकडे वळला. "जगदाळे, तुम्ही नवीन. किल्ला माहीत आहे ना?"

"अरे, विरारला राहतो मी! किल्ला मला शिकवतोस?"

तरी एक शंका होती. "पण भरती असली तर?" मी विचारलं.

सगळे खो खो हसले. लेस्लीने तर पाठीवर थाप मारली. विनोद मला कळला नाही, पण मीही हसलो. नवीन माणसाने हसावं.

रविवारी मनोरपर्यंत मी सगळ्यांच्या मागे होतो. पालघरलाही मागेच. शेवटच्या माणसाच्या मागे राहून त्याला हाकत आणायचं काम सिद्धेशकडे होतं. तो इंजिनियर मला दर दोन किलोमीटरला एकच प्रश्न विचारायचा, "काका, टेम्पोत बसता का?" काका! माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असेल फार तर! सफाळ्यानंतर त्याचाही धीर सुटला. "काका, मी ढाब्यावर पुढे होतो. नाही जमलं तर मागून टेम्पो येतोच आहे," म्हणाला आणि दिसेनासा झाला.

खानिवड्याच्या अलीकडे तो ढाबा आला. बाहेर तेवीस सायकली टेकवलेल्या. आत तेवीस जण रोट्या तोडत होते. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, पण डोक्यात वेगळंच शिजलं. मान खाली घातली आणि तसाच पुढे सटकलो! शिरसाडला डावी-उजवीकडे न बघता विरारकडे वळलो. मागे बघितलं, कोणी नाही. फोन तेवढ्यात मेला. मरू दे!

पाच वाजता अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होतो. समोर पाण्यात बेट, बेटावर किल्ला. सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून होडीकडे निघालो.

"ओ साहेब, सायकल कुठं नेता?" नाखवा ओरडला. "बेटावर चालवनार कुठं?"

"चालवायची नाही! पोचवायची आहे!"

होडीत एका मावशीच्या पाटीत माझं पेडल अडकलं. सुटेपर्यंत तिने माझ्या खानदानाची चौकशी केली. बेटावर उतरलो तर किल्ल्याच्या दाराशी चिटपाखरू नाही!

"मावशी, कोणी सायकलवाले आले का?"

"सायकलवाले? सगली जिंदगी गेली माझी यां, सायकल आज बघते!"

म्हणजे मी पहिला! चोवीस जणांत पहिला! मावशीच्याच घरी फोन चार्जिंगला लावला आणि घरी फोन केला. लेस्लीची बायको ग्रेसी माझ्या बायको-मुलीला गाडीने शेवटाला आणणार होती.

"बाबा, कुठे आहात? आम्ही किल्ल्यात उभ्या आहोत!" ऋतिका म्हणाली.

"मीही किल्ल्यात!"

"दिसत नाही तुम्ही!"

"दरवाजापाशी ये. समुद्राकडच्या."

"दरवाजातच आहे मी. होड्या दिसतायत."

"मलाही होड्या दिसतायत! हात हलव!"

"हलवतेय, बाबा."

मीही हलवला. खूप वेळ हलवला. समोरच्या होडीतल्या माणसाने मला हात केला.

"बाबा," तिचा आवाज बारीक झाला, "तुम्ही कुठल्या किल्ल्यात आहात?"

वसईकर नुसता 'किल्ला' म्हणाला की तो वसईचाच, जमिनीवरचा. हे मला त्या दिवशी, चारी बाजूंनी पाणी असताना कळलं. लेस्लीने फोन हिसकावला. "जगदाळे? तुम्ही टेम्पोत नव्हता?"

मी नाखव्याकडे धावलो. "पानी चडू दे, मग निंगू," तो म्हणाला. सहा वाजले तेव्हा मी जाळ्यांच्या ढिगावर सायकल मांडीवर घेऊन बसलो होतो. खरं सांगतो, रडू आलं.

ग्रुपवर फोटो आला. तेवीस गळे, तेवीस मेडलं. खाली सिद्धेशने लिहिलं होतं : 'चोवीसपैकी तेवीस पूर्ण! एक काका टेम्पोतून परत.' आणि कडेला, न वापरलेला हार हातात धरून माझी मुलगी.

घरी तिने पैजेचा विषय काढला नाही. तबला सोडते असंही म्हणाली नाही. पुढच्या रविवारी वही घेऊन मुकाट्याने क्लासला निघाली. माझा ऊर भरून आला. पोरीने बापाचे कष्ट बघितले म्हणायचे!

तासाभराने तबल्याच्या सरांचा फोन. "ऋतिका आज आली नाही?"

ती परतली तेव्हा मी दारातच उभा होतो. "कुठे होतीस?"

"क्लासमध्ये."

"सर म्हणाले, तू आलीच नाहीस!"

"होते ना, बाबा. वेळेवर पोचले, पूर्ण वेळ बसले." तिने चपला नीट काढून ठेवल्या. "फक्त क्लास दुसरा होता."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.