बिरादारांच्या घरची सुरकुत्यांची वाटणी

उदगीरच्या शैलजा बिरादार यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एका मंगळवारी सकाळी त्यांच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर राहायला गेल्या.

चहा देताना शैलजाबाईंच्या ते लक्षात आलं. "अहो, तुमच्या कपाळावर हे काय?"

बसवराजांनी आरशात पाहिलं. "तुझ्याच आहेत. ही वाकडी मी कुठंही ओळखीन."

पाळी थांबल्यापासून शैलजाबाईंची त्वचा कोरडी पडत चालली होती. डॉ. हाळणीकरांच्या सल्ल्यानं त्या रोज सोयाबीन खात होत्या. दोघं त्यांच्याकडेच गेले.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. "इस्ट्रोजेन कमी झालं की त्वचा सैल पडते, सुरकुत्या येऊन बसतात. सोयाबीनमधली द्रव्यं थोडीफार इस्ट्रोजेनसारखी असतात. सुरकुत्यांना वाटलं, मालकीण परत आली. त्यांनी जागा सोडली."

"पण माझ्याकडे का?" बसवराजांनी विचारलं.

"जवळच्या माणसाकडेच जातात. घरात आणखी कोण आहे?"

"आई आहे. पण तिच्या चेहऱ्यावर जागा नाही."

पुढं एका लग्नात एक गृहस्थ बसवराजांना शैलजाबाईंचे वडील समजून त्यांच्या पाया पडले आणि आपल्या भाच्यासाठी त्यांनी शैलजाबाईंना रीतसर मागणी घातली. बसवराज गडबडून म्हणाले, "विचार करून कळवतो." शैलजाबाईंना हसू आवरेना, पण डोळ्यांच्या कडेला एकही रेघ उमटली नाही. त्यांना स्थळ पसंत पडलंय, असं बसवराजांना वाटलं. घरी येईपर्यंत ते दोन पावलं पुढंच चालत राहिले.

"अहो, मी हसत होते!"

"मला कसं कळणार? हसण्याच्या सगळ्या माझ्याकडे आहेत."

शैलजाबाईंनी सोयाबीन बंद केलं. समोरासमोर बसून हव्या त्या सुरकुत्या नावानं बोलवा, मात्र दोघांची संमती हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुपारी दोघं ओसरीवर बसले. हसण्याच्या शैलजाबाईंनी घेतल्या. सासूबाईंमुळं पडलेल्या बसवराजांकडेच ठेवल्या. त्यांनी हरकत घेतली नाही. भुवयांमधल्या उभ्या रेघेवर मात्र गाडी अडली. त्यांची मुलगी लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा ती रेघ पडली होती.

"ही माझी," शैलजाबाई म्हणाल्या.

"उशाशी मीही बसलो होतो," बसवराज म्हणाले.

बराच वेळ कुणीच तिला हाक मारली नाही.

सध्या ती बसवराजांकडे आहे. मुलगी माहेरी आली की ती शैलजाबाईंकडे असते.