गॉर्डीची कोरी कार्डं

हे मी लिहिणारच नव्हतो. मित्राची फजिती कागदावर मांडायची म्हणजे मित्र गमवायची तयारी हवी. पण परवा गॉर्डी स्वतःच म्हणाला, लिही बाबा, निदान दुसरा कुणी तरी शहाणा होईल. म्हणून लिहितोय.

गॉर्डी लिंडक्विस्ट आणि मी ओहायोतल्या न्यूअर्कला एका टायरच्या दुकानात कामाला आहोत. बेसबॉल खेळाडूंची फोटोवाली जुनी कार्डं जमवणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतील. सगळ्यांना मोठे खेळाडू हवे असतात. गॉर्डीला नको. त्याला हवेत बाकावर बसून हंगाम काढलेले, कधीतरी मैदानात उतरले, बाद झाले, घरी गेले, असले. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका संचातले असे सगळे त्याने शोधून काढले होते. अट एकच. कार्ड कोरं पाहिजे. कोपरे टोकदार, ज्या च्युइंगगमच्या पाकिटात कार्ड यायचं त्याचा डाग नको, पेनाचा ठिपका नको. त्याच्या अल्बमसमोर शिंकायचीही चोरी.

शेवटचं राहिलं होतं एलवुड स्टिकनी नावाच्या कॅचरचं, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं. ते मिळवायला गॉर्डीने वडिलांनी दिलेलं एका बड्या खेळाडूचं कार्ड बदल्यात देऊन टाकलं. वडील अजून त्याच्याशी धड बोलत नाहीत. पण संच पुरा झाला.

इथे थांबायला काय हरकत होती? पण मी तोंड उघडलं. म्हटलं, अरे, स्टिकनी झेन्सव्हिलला राहतो, फोनच्या पुस्तकात नाव आहे, चल भेटून येऊ.

आता एकच प्रत असेल तर कार्ड खेळाडूकडे न्यायचं नसतं, हे जमवणाऱ्यांतलं शेंबडं पोरही सांगेल. गॉर्डी म्हणाला, नुसतं दाखवतो, सही वेगळ्या पुठ्ठ्यावर घेतो. गेलो. म्हाताऱ्याला कोण आनंद. इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं म्हणे. त्याच्या बायकोने, मेबल बाईंनी, कॉफी दिली, दालचिनीचा केक दिला. म्हाताऱ्याने कार्ड प्लास्टिकमधून बाहेर काढलं, लोणी लागलेल्या अंगठ्याने. गॉर्डी पांढरा पडला. मग बाई लोणच्याच्या बरण्यांवर ज्याने तारीख घालायच्या तो जाड काळा मार्कर म्हाताऱ्याने उचलला.

गॉर्डीने घाईघाईने पुठ्ठा पुढे केला.

"पुठ्ठ्यावर कशाला, पोरा? एवढं छान कार्ड असताना?"

आणि टोपीपासून गुडघ्यापर्यंत सही.

गॉर्डी थँक्यू म्हणाला. आमच्याकडची माणसं पायावरून गाडी गेली तरी आधी थँक्यू म्हणतात, मग ओरडतात. तो ओरडला गाडीत.

"तू का नाही बोललास?"

"कार्ड तुझं, मी काय बोलू?"

"मग तिथे आलास कशाला?"

मी रेडिओ लावला. त्याने बंद केला.

दोन-तीन दिवसांनी मेबल बाईंचा दुकानात फोन. एलवुड इतका खूश आहे की त्याने जुन्या सगळ्या सोबत्यांना फोन केलेत. फक्त आपल्यासारख्यांचीच कार्डं जमवणारा एक पोरगा आहे, असं सांगितलंय. रविवारी न्यूअर्कला फायर स्टेशनच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन आहे ना, तिथे सगळे येतायत. काही तर पार इंडियानाहून. येताना पेनं आणतायत, तू काळजी करू नकोस.

गॉर्डी टायरच्या ढिगावर बसला. एक स्टिकनी गेला तो गेला, बाकीचा अख्खा अल्बम कोरा होता. मी म्हटलं, रंगीत झेरॉक्स काढ, सह्या त्यावर घे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी एका ट्रकखाली जाऊन काम करायला लागलो. आजारी पडावं तर बाईंनी फोनवर सांगून ठेवलेलं, सँडविचं सगळ्यांसाठी करतेय. शेवटी ठरलं, अल्बम घरीच ठेवायचा आणि विसरलो म्हणून सांगायचं.

रविवारी म्हातारे आले. चांगले इस्त्रीचे शर्ट घालून. गॉर्डीने तोंड पाडून सांगितलं, अल्बम घरी राहिला हो.

"मग घरीच येतो की," स्टिकनी म्हणाला.

पुढे आम्ही, मागे गाड्यांची रांग. गॉर्डीच्या बायकोने, डेनिसने, दार उघडलं, रांग पाहिली आणि काही न विचारता तळघरातून घडीच्या खुर्च्या आणायला गेली. नवऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं. तेवढं पुरलं.

जेवणाच्या टेबलावर सह्या सुरू झाल्या. पहिल्या दोन-तीन कार्डांना गॉर्डी डोळे मिटून घेत होता. मग एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, सही कुठे करतात? त्याला कधी कुणी मागितलीच नव्हती. त्याने आधी वर्तमानपत्रावर गिरवून पाहिली. कार्ड हलू नये म्हणून गॉर्डीने धरून ठेवलं. त्यानंतर तो स्वतःच प्लास्टिकमधून कार्डं काढून देत होता, शाई वाळावी म्हणून फुंकर मारत होता. मी सँडविच खाल्लं.

शेवटी राहिला डच हॉलनबेक. व्हीलिंगहून आलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याने आपलं कार्ड दोन बोटांनी कडेला धरून उचललं, उजेडात तिरकं करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"मी नाही करत सही. कार्डाची वाट लागते. या गाढवांच्या हातात पेनं कुणी दिली?"

स्टिकनीने गॉर्डीकडे वळून पाहिलं. चेहरा उतरला होता त्याचा.

"तुला कोरी हवी होती का रे, पोरा?"

"छे हो," गॉर्डी म्हणाला. "मला सह्याच हव्या होत्या."

हॉलनबेक मान हलवत निघून गेला. बाकीचे अंधार पडेपर्यंत बसले.

सगळं मिटलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी गॉर्डी अल्बम घेऊन दुकानात हजर.

"हे बघ."

"काय बघू? सह्या आहेत."

"हॉलनबेक बघ. कोराच्या कोरा. एका कार्डाने अख्खा संच बिघडवलाय."

मी त्याला सांगितलं की कालपर्यंत तुझं नेमकं उलटं म्हणणं होतं. त्याने ऐकलं नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीला चाक लावतानाही तेच, जेवतानाही तेच. शेवटी वैतागून मी शब्द दिला. येत्या शनिवारी तुला व्हीलिंगला घेऊन जातो, गाडी मी चालवतो, आणि तो खडूस म्हातारा सही करेपर्यंत आपण दोघं त्याच्या पायरीवरून उठायचं नाही.