ठाणाकुशनूरची पाणबुडी

हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. महायुद्ध मात्र सगळ्यांनाच होते, म्हणून ‘जलतळ-निगराणी महकमा’ नावाचे खाते उघडण्यात आले आणि महकमा उघडल्यावर पाणी शोधणे ओघानेच आले. ते ठाणाकुशनूरच्या तळ्यात सापडले. शत्रूची पाणबुडी आली तर ऐकू यावी म्हणून तळाशी एक पितळी कर्ण्याचे यंत्र सोडले गेले.

पाणी हलले की शत्रू ऐकू येत नाही. त्यामुळे आधी धुणी बंद झाली, मग गुरे, मग घागरी. बाया दीड कोसावरून पाणी आणू लागल्या. विधवा राजूबाईचे घर एका म्हशीच्या दुधावर चाले. ती म्हैस डुंबायला न मिळाल्याने उन्हात धापा टाकायची आणि राजूबाईचा जीव तुटायचा.

वर्षाने खर्चाच्या मानाने फायदा किती हे तपासायला बीदरहून नाजिमसाहेब आले. तळ्यावर गाव जमले.

“किती पाणबुड्या पकडल्या?”

“एक बी न्हाई, सरकार,” अमृतप्पा पाटील म्हणाले.

“आणि यंत्र नव्हतं तेव्हा?”

“तवा बी न्हाई.”

साहेब चिंतेत पडले. दर पाणबुडीमागे खर्च काढायचा तर निदान एक तरी पाणबुडी हवी. “फायदा सिद्ध झाला की यंत्र पुढच्या गावी जाईल. तोवर बंदी कायम!”

एवढ्यात राजूबाईची म्हैस दावे तोडून थेट तळ्यात शिरली. कर्णा घुरघुरला.

“ये क्या है?”

मग राजूबाईचा शेजारी राघोबा पुढे झाला. “पाणबुडीच की, साहेब. काळी हाय, बुडायली, वर येऊन दम घ्यायली.”

“और ये शिंगं?”

“दुर्बिणी हायत्या,” पाटील म्हणाले.

“अवं, माझी म्हस हाय ती!” राजूबाई ओरडली. “भावजी, सकाळी हिचंच ताक प्यालाव की तुमी! असं कामून बोलायलाव?”

राघोबा खाली बघत म्हणाला, “वैनी, लेकरं पाण्याविना तडफडायलीत.”

ही पाणबुडीच का, यावर साहेबांनी गावाचे मत विचारले. झाडून सगळ्यांचे हात वर गेले.

शत्रूची पाणबुडी दोरखंडाने बांधून बीदरला रवाना झाली. यंत्र अत्यंत किफायतशीर ठरले, तळे खुले झाले आणि बायांनी घागरी भरल्या. राजूबाई तेवढी घरात बसून रडत होती. यंत्र पुढच्या गावी, निर्ण्याला पोचले, तेव्हा तिथल्या पंचांनी कुणाची म्हैस द्यायची ते आधीच ठरवून ठेवले होते.

ठाणाकुशनूरला नावे ठेवणे सोपे आहे. ते बिचारे तहानेपोटी खोटे बोलले. आपल्या घरी तर नळाला पाणी आहे, तरी शेजारची म्हैस चालली की आपला हात सगळ्यांच्या आधी वर जातो.