अजगराची घडी आणि टिटवीची अंडी

एका जंगलात, बाळांनो, एक अजगर राहायचा. त्याच्या अंगभर तांबडे, पिवळे, काळे आणि पांढरे ठिपके होते. तो झोपला की तांबडा ठिपका पिवळ्याला चिकटायचा आणि काळा पांढऱ्याला. असं का, ते मला विचारू नका. अजगरालाही माहीत नव्हतं.

त्याच्या शेजारीच टिटवीने उघड्या जमिनीवर चार अंडी घातली. मग तिला अजगर दिसला.

"अजगरदादा, आज कसे झोपणार तुम्ही?"

"मला काय ठाऊक? मी तेव्हा झोपेत असतो."

अंडी उचलून न्यायला टिटवीला हात नव्हते. ती रडत साळिंदरशास्त्र्यांकडे गेली.

शास्त्रीबुवांनी अजगराचे ठिपके मोजले आणि तो कसा झोपेल याच्या हिशेबाला चौदाशे मुंग्या लावल्या. वेटोळी घालायच्या तऱ्हा जंगलातल्या पानांहून जास्त निघाल्या. पण शास्त्रीबुवा हुशार. ते म्हणाले, "अजगर आळशी आहे. ज्या घडीत सगळ्यांत कमी कष्ट, तीच तो घालणार."

एका मुंगीने विचारलं, "आणि गाठ मारून झोपला तर?"

"गाठ हिशेबात धरली तर सात पावसाळे लागतील. म्हणून गाठ नसते, असं आपण मानलंय."

"अजगराला कळवलंय का?"

"त्याचा काय संबंध?"

तीन दिवसांनी आकृती तयार झाली. सगळी वेटोळी पलीकडच्या वडाच्या बाजूला, अंड्यांपासून लांब. टिटवी निर्धास्त झाली. दुपारी अजगर झोपला, आणि त्याने गाठ मारली. शेपूट वेटोळ्यातून आरपार आलं आणि अंड्यांवर पडलं.

सिंहमहाराजांनी सभा बोलावली. शास्त्रीबुवा उभे राहिले.

"चारपैकी तीन अंडी वाचली, महाराज. पंचाहत्तर टक्के. शेजारच्या जंगलात साठाच्या वर कुणी गेलेलं नाही."

टाळ्या पडल्या. महाराजांनी शास्त्रीबुवांना शाल पांघरवली. ती काट्यांत अडकून फाटली, पण सत्कार झाला. अजगराला ताकीद मिळाली की यापुढे आकृतीप्रमाणे झोपावं.

"आणि माझं चौथं?" टिटवीने विचारलं.

"टिटवीबाई, चौथं धरूनच तर टक्के काढलेत," शास्त्रीबुवा मायेने म्हणाले.

टिटवी परत गेली आणि तीन अंड्यांवर बसली. चौथ्याची जागा तिने मोकळी ठेवली. मला तिचं फार वाईट वाटलं, पण सभेत ते कुणी विचारलं नाही.

तात्पर्य : अजगर चुकतो, आकृती चुकत नाही. आणि अंडी घालायचीच असतील तर शंभर घालावीत, म्हणजे टक्के काढायला सोपं जातं.