बारा पिंजऱ्यांचे तीन

पिल्लं झाली नाहीत याला आमचे साहेब जबाबदार आहेत, मी नाही. तोंडावर बोललोय, आता लिहूनही देतो.

वाचकहो, सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगाचे पांढरे उंदीर मी सांभाळतो. चौदा वर्षं झाली. उंदरीण गाभण आहे की नुसती जेवलीय, हे मी दारातून सांगतो. पिल्लं कधी कमी पडू दिली नाहीत.

मार्चमध्ये साहेबांना केबिनला लागून बैठकीची खोली हवी झाली. आमची अर्धी खोली गेली आणि बारा पिंजऱ्यांतले उंदीर तीन पिंजऱ्यांत कोंबायचा हुकूम आला. मी म्हणालो, दाटी झाली की हे जनावर वीण थांबवतं. साहेब म्हणाले, एकत्र राहिले की भेटीगाठी वाढतील.

वाढल्या. प्रत्येक पिंजऱ्यात एकेका थोराड नराने पाण्याची बाटली ताब्यात घेतली. जो येईल त्याची शेपटी चावायची, एवढंच काम. बाकीचे कोपऱ्यात ढीग करून बसले. दोन महिन्यांत पिल्लू नाही.

साहेबांनी निदान केलं: नर कमी पडतायत. आणखी दहा आणवले. मग शेपट्या कमी पडायला लागल्या.

पिंजरे धुणारी केराबाई म्हणाली, "सायबाला सांगा की, इतक्या गर्दीत कुणाला सुचंल व्हय?"

सांगितलं. त्यावर मला नोटीस मिळाली. पिल्लं शून्य का, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर नोकरी सोडा.

खुलासा घरी लिहायला बसलो. दोन खोल्या, माणसं नऊ. पंख्याखालची जागा धोंडीराम काकांची. कुणी नुसतं टेकलं तरी खेकसतात. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. आई रोज विचारते, बातमी कधी देताय. कॉलेजच्या क्वार्टरसाठी केलेला माझा अर्ज चार वर्षं साहेबांच्या टेबलावर आहे.

लिहिलेलं बायकोला, अंकिताला, वाचून दाखवलं. प्रत्येक जोडीला वेगळी जागा, आडोसा आणि शांतता मिळावी; सोबत जोड्यांची यादी.

भाकरी थापता थापता ती हळूच म्हणाली, "जोड्यांची यादी लावताय न्हवं? त्यात शेवटी आपलं पण नाव घाला की."

घातलं.

बाहेरून तपासणी येणार होती, म्हणून साहेबांनी खोली सोडली. बारा पिंजरे परत मिळाले. दीड महिन्यात एकशे चार पिल्लं झाली. साहेबांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

यादीतल्या शेवटच्या जोडीपुढे मात्र लाल पेनाने लिहून आलं: विचाराधीन.

साहेब, आईला काय सांगू? लेखी उत्तर द्या.