अप्पांचं अडकणारं मॅगझिन

निकम अप्पांना मागे ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या. एक तापाची, एक अंगदुखीची, एक पित्ताची. शहाणा माणूस काय करील? तिन्ही गिळील आणि पांघरूण ओढून पडेल. अप्पांनी सोमवारी फक्त तापाची घेतली, मंगळवारी फक्त अंगदुखीची आणि बुधवारी फक्त पित्ताची. गुरुवारी मी पेज घेऊन गेले तर गृहस्थ फणफणलेले, पण चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचं समाधान.

"अहो अप्पा, हा काय चावटपणा?"

"ताई, तिन्ही संगं घेतल्या तं कोणती लागू पडली ते कळंन कसं? एका टायमाला एकच गोष्ट बदलायची."

शुक्रवारी त्यांनी काहीच घेतलं नाही आणि ताप उतरला. आता श्रेय कुणाला द्यायचं, या काळजीनं पुढचे दोन दिवस ते बेचैन होते. मी म्हटलं, "माझ्या पेजेला द्या." तर म्हणाले, "पेज तं तुम्ही रोजच देत होत्या. ते मोजता येत नाही." घ्या! दुसरा कुणी असता तर मी पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं केलं असतं.

आमची सोसायटी सुरतेच्या उधन्यात, जुन्या मिलच्या मागे. अप्पा खालच्या मजल्यावर, मी वरच्या. मी मूळची साताऱ्याची, लग्न करून सुरतेत आले आणि सगळी नोकरी मराठी शाळेत ओरडण्यात घालवली. शाळा बंद पडली, आवाज राहिला. अप्पा धुळ्याकडचे. एका रंगाई मिलमध्ये ते मशिनं दुरुस्त करायचे. मशीन थांबलं की बाकीचे मिस्त्री पट्टा, बेअरिंग, तेल सगळं एकदम बदलून मोकळे व्हायचे. अप्पा पट्टा बदलणार, मशीन चालवून बघणार, पुन्हा बंद करणार, मग बेअरिंगला हात लावणार. शेठ बाहेर नाचायचा. एकदा तर बाहेरगावचा व्यापारी माल बघायला आला, आणि कापडावर डाग कशाचा म्हणून त्यानं सहज विचारलं. शेठ म्हणाला, पाण्याचा. अप्पा म्हणाले, "पाण्याचा नाही, आमच्या रोलरचा. रोलर बाद हाये." झालं! दुसऱ्या दिवसापासून अप्पा गोडाउनमध्ये. निवृत्त होईपर्यंत तिथंच. मी विचारलं, जरा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? तर म्हणे, "बिघाड हाये तं हाये म्हणावं. खोटं सांगितलं तं तो दुरुस्त कसा व्हायचा?" अशा माणसाचं या जगात काय होणार, कपाळ!

त्यांची बायको, आमच्या माई, गेल्या आणि अप्पांचं घर एकदम सामसूम झालं. तेरावं उरकल्यावर मुलानं, हेमंतनं, बापाला एक रायफल आणून दिली. हो, रायफल! कुणी देवाचं पुस्तक देतं, कुणी चालायला काठी देतं. हेमंत म्हणाला, "पप्पा, कॉलेजात एनसीसीत तुम्ही नेम मारायचात ना? वेळ जाईल तुमचा." रायफल हवेच्या दाबाची, छऱ्यांची. लायसन लागत नाही. पण अप्पांनी ती खांद्याला लावली की आमच्या सोसायटीतली कुत्रीसुद्धा सावधान उभी राहायची.

तिला वरून एक मॅगझिन बसतं. बिस्किटाएवढी गोल डबी, तिला दहा भोकं, भोकाभोकात एकेक छर्रा. मागचा दांडा ओढला की डबी एक घर फिरते, दांडा पुढे ढकलला की समोरचा छर्रा नळीत जातो. रायफलीबरोबर कंपनीचं एकच मॅगझिन आलं होतं. हेमंतनं ऑनलाइन आणखी दोन मागवली, भलत्याच कुणीतरी बनवलेली, प्लास्टिकची. दिसायला हुबेहूब. आणि ती दोन अडकायची.

अडकायची म्हणजे, तीन-चार छर्रे सुटायचे आणि मग दांडा अर्ध्यातच रुतून बसायचा. जोर केला की छर्रा तिरपा होऊन त्याचं बूड, अप्पांच्या भाषेत घागरा, दुमडायचं. अप्पांना दुसरं काय हवं? माझ्या सुनेची नेलपॉलिश मागून नेली आणि एका मॅगझिनवर लाल ठिपका दिला, दुसऱ्यावर गुलाबी. एका रविवारी फक्त छर्रे बदलले. पुढच्या रविवारी छर्रे तेच, फक्त आतली स्प्रिंग. त्याच्या पुढच्या रविवारी स्प्रिंग तीच, फक्त छर्रा धरून ठेवणारी रबरी कडी. मग भोकांच्या कडा बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, त्याही आधी लालच्या, गुलाबीला हात नाही. मिलच्या मशिनांनी सोसलं ते आता या डब्यांच्या नशिबी आलं.

हे सगळं गच्चीवर. टाकीच्या खोलीच्या भिंतीशी वाळूचं पोतं, त्यापुढे खोकं, खोक्यावर कागद. आडवी दोरी बांधलेली. दोरीपलीकडे कुणाचं पाऊल पडलं की अप्पा रायफल खाली ठेवून हात मागे बांधून उभे राहायचे, तो माणूस परत येईपर्यंत. तरी आमचे चेअरमन येऊन सुनवायचेच, "अंकल, कोईने वागी जशे तो?" कुणाला लागलं तर काय, म्हणून. लागायला ती चालायला तर हवी! शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक जैन आजी रविवारी खिडकीत बसून कबुतरं मोजायच्या. एकही कमी झालं नाही, तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

मी गच्चीवर सांडगे घालायला जाते, त्यामुळे हा सगळा तमाशा माझ्या डोळ्यांदेखत. आणि डोळे उघडे असले की दिसतंच. शनिवारी अप्पा कंपनीचं मॅगझिन लावायचे. दहाच्या दहा छर्रे सुटायचे, कागदाच्या मधोमध एवढंसं भोक. रविवारी तेच अप्पा, तीच रायफल, पण लाल नाहीतर गुलाबी ठिपका. खट्, खट्, आणि अडकलं.

"अहो, त्या दोन डब्या कचऱ्यात टाका ना," मी म्हटलं. "चांगलं एक आहे, ते वापरा. कशाला डोक्याला ताप?"

"कारण सापडायला पायजे ताई."

कारण! कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माल भिकार होता. भोकं नळीशी जुळतच नव्हती. आणि मिलमध्ये नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाला हे कळत नाही? मला काही ते पटेना.

तेवढ्यात हेमंतचा फोन आला. अप्पांनी तो पाण्याच्या टाकीवर ठेवून स्पीकर लावला, हात तेलकट होते.

"कसा शे रे भाऊ?" अप्पा घरच्या अहिराणीत.

"मजेत. तुम्ही? जेवण-बिवण?"

"व्हयनं."

"तब्येत?"

"बरी शे."

मला वाटलं फोन कट झाला. मग हेमंतच म्हणाला, "बरं, फीडिंगचं काय झालं? रेडवालं चाललं?"

"अडकस ना अजून!" अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "चौथाले अडकस. घागरा दुमडस."

आणि मग जे सुरू झालं! हेमंतनं व्हिडिओ बघितले होते. ती रबरी ओ-रिंग जाड बसली असेल, दांड्याची टोकाकडची धार बघा, फोटो काढून पाठवा, उजेडात धरा, असं नाही, तिरपं. तिकडे सुरतेजवळच, हजिऱ्याच्या कॉलनीत सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं. अप्पा हो हो म्हणत होते, मध्येच शाळकरी पोरासारखे वाद घालत होते. माझे सांडगे घालून झाले, मी हात धुतले, तरी बापलेकांचं चालूच.

फोन ठेवल्यावर मी अप्पांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी चिंध्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तब्येतीचं विचारतो तं एका मिनिटात संपते ताई. बरी हाये म्हटल्यावर पुढं काय विचारनार? अन् हे अडकलं का चांगला अर्धा तास बोलतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे, बिघाड कशात आहे ते?"

"पहिल्या दिवशीच कळलं," अप्पा म्हणाले.

तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. संताप आला. अप्पांचा नाही, त्या पोराचा. हजिरा म्हणजे काही लंडन नाही. बस जाते, रिक्षा जाते, आणि हेमंतच्या दारात स्वतःची गाडी उभी. तरी दिवाळीला उभ्या उभ्या येणार, चपला न काढता दारातूनच विचारणार, "पप्पा, काही लागतंय का?" भांडण असतं तर मी मध्ये पडले असते, त्याहून अवघड भांडणं मी शाळेत मिटवली आहेत. सून वाईट असती तर तिला तरी बोल लावला असता. तीही नाही. गुजराती आहे, गोड बोलते, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, आठवणीनं घारीच्या मिठाईचा डबा पाठवते. कुरिअरनं. कुरिअरवाला अप्पांना पोटच्या पोरापेक्षा जास्त ओळखतो. वाईट कुणीच नाही, आणि म्हातारा मात्र गच्चीवर एकटा प्लास्टिकची डबी घासतोय.

मग मीही गप्प बसले. उलट रविवारी जिन्यात भेटले की विचारायची, "काय अप्पा, अडकतंय ना?" आणि ते समाधानानं म्हणायचे, "अडकतंय, अडकतंय."

एवढं सुद्धा देवाला बघवलं नाही. एके दिवशी पार्सल आलं. आत दोन मॅगझिनं, कंपनीची, अस्सल, धातूची, सीलबंद. पाठोपाठ हेमंतचा फोन. मी तिथंच होते, मीटरचं बिल द्यायला गेले होते. "पप्पा, सरप्राइज! डायरेक्ट कंपनीशी बोललो. आता ती भंगार फेकून द्या. प्रॉब्लेम क्लोज!"

बिचारा किती खूश होता. त्याला वाटत होतं, आपण बापासाठी केवढं केलं. आणि केलं होतंच, नाही कसं म्हणू? अप्पा म्हणाले, "वा, वा. छान काम करं भाऊ." फोन ठेवून ती नवी मॅगझिनं त्यांनी टेबलावर अशी ठेवली, जसा कुणी रिपोर्ट ठेवावा दवाखान्यातला.

रविवारी मी मुद्दाम लवकर वर गेले. त्या दिवशी सांडगेही नव्हते माझ्याकडे, नुसतीच गेले. अप्पांनी पहिलं नवं मॅगझिन लावलं. दहा छर्रे, दहाही सुटले, लोण्यातून सुरी जावी तसे. दुसरं लावलं. तेही तसंच. कागदाच्या मध्यभागी पैशाएवढं भोक पडलं. इतका सुंदर नेम मी कधी पाहिला नव्हता, आणि इतका पडलेला चेहराही.

फोन वाजला.

"काय पप्पा, चाललं ना?"

अप्पा त्या कागदाकडे बघत राहिले. शेठसमोर, व्यापाऱ्यासमोर, गोडाउनमध्ये सडताना ज्या माणसाच्या तोंडून एकही खोटा शब्द निघाला नाही, तो हलक्या आवाजात म्हणाला, "अडकस."

"काय? ओरिजिनल पण?"

"हा. सहावाले."

मला वाटलं, आता म्हणेल, थांबा, मीच येतो बघायला. म्हण रे बाबा, एवढं म्हण. गाडी काढ आणि ये.

हेमंतनं सुस्कारा सोडला. "मग रायफलच फॉल्टी आहे पप्पा. उगाच डोकं नका लावू. फोटो काढून पाठवा, मी सेलवर टाकतो. तुमची पण कटकट मिटेल."

"बरं," अप्पा म्हणाले.

"तब्येत बरी ना?"

"बरी शे."

"ओके, ठेवतो."

अप्पांनी फोन खिशात टाकला. खोक्यावरचा कागद काढला, चौकोनी घडी केली, दोरी सोडून गुंडाळली. मला त्या पोराला शिव्या द्यायच्या होत्या, अस्सल साताऱ्याच्या, पण मी खोकं उचललं आणि अप्पांच्या मागून निघाले. जिन्याशी पोचल्यावर ते थांबले.

"ताई, तुमच्याकडं काही बिघडेल वस्तू हाये का?"

"कसली?"

"कसलीबी. हेमंतले विचारता येईल अशी. जरा अवघड पायजे."

माझ्या घरात नेमकं सगळं धड चालू होतं. मी म्हटलं, "आहे ना! इन्व्हर्टर. मधेच बंद पडतो मेला. कुणाला कारणच सापडत नाही."

अप्पांनी तिथंच चष्मा लावला आणि फोन काढला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

"मीटिंगमधी असंन," अप्पा म्हणाले. रविवारी सकाळी कसली आली आहे मीटिंग! पण मी म्हटलं, "हो, असेल," आणि आम्ही दोघं जिन्यातच उभे राहिलो, त्याचा उलटा फोन येतो का बघत.